कोरबा येथील कोळसा आणि घरातील पंखा

सायंकाळी देवापुढे दिवा लावून झाला की सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातील कोणत्याही घरात विजेची बटणे एकामागून एक दाबली जातात. ओसरीवर उजेड पडतो, पंखा फिरू लागतो, स्वयंपाकघरात मिक्सर घरघरतो आणि दूरदर्शन संचावर बातम्या सुरू होतात. ही वीज कोठून आली याचा विचार त्या वेळी कोणी करीत नाही. वीज गेली म्हणजेच तिची आठवण होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

गोव्यात सार्वजनिक पुरवठ्यासाठी कोळशावर वीज निर्माण करणारे एकही केंद्र नाही. राज्याला लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते आणि तिचा मोठा हिस्सा केंद्रीय वीजकेंद्रांतून मिळतो. छत्तीसगडमधील कोरबा येथील केंद्र हे त्यांतील एक प्रमुख होय. तेथे खाणीतून निघालेला कोळसा भट्टीत जाळून पाण्याची वाफ केली जाते, त्या वाफेच्या दाबाने चक्रे फिरतात आणि निर्माण झालेली वीज उच्च दाबाच्या तारांनी पश्चिमेकडे निघते. कोल्हापूरकडून आणि कर्नाटकातील अंबेवाडीकडून येणाऱ्या वाहिन्या ती गोव्यात आणतात. देशभरच्या केंद्रांतील वीज एकाच जाळ्यात मिसळत असल्याने अमुक दिवा अमुक केंद्राच्या विजेवर जळतो असे बोट दाखवून सांगता येत नाही. अनेक झऱ्यांचे पाणी एका पाटात मिसळल्यावर कोणत्या झऱ्याचे पाणी कोणत्या माडाला पोहोचले हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा पाहून पुष्कळांचा असा समज होतो की, तोच कोळसा आपले दिवे पेटवतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्या कोळशाचा मोठा भाग रेल्वेने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. गोमंतकीय घरातील दिव्यामागचा धूर शेकडो मैलांवर निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब मांडणे अधिक आवश्यक ठरते.

एका युनिटाचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. कोळशावरील केंद्रात हे एक युनिट निर्माण करण्यासाठी स्थूलमानाने ७०० ग्रॅम देशी कोळसा जाळावा लागतो. त्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. पुढे तारांच्या प्रवासातही काही वीज उष्णतेच्या रूपाने गळते. यास्तव घरात वाचलेले एक युनिट वीजकेंद्रात एका युनिटाहून थोडे अधिकच वाचवते.

सातशे ग्रॅम कोळशातून सुमारे एक किलो कर्बवायू निघतो, असे सांगितले की श्रोते हमखास अविश्वास दाखवतात. जळणाऱ्या वस्तूपेक्षा धूर जड कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्रात आहे. कोळशातील १२ भाग कर्ब जळताना हवेतील ३२ भाग प्राणवायू आपल्याकडे ओढून घेतो आणि ४४ भाग कर्बवायू तयार होतो. देशी कोळशात राख पुष्कळ आणि कर्ब निम्म्याहूनही कमी असतो, तरीही हे वजन चढते. जलविद्युत, अणुवीज, पवनचक्क्या आणि सौरवीज या सर्वांची सरासरी धरली असता भारतातील वीजजाळ्यातील प्रत्येक युनिटामागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. पुढील सर्व हिशेबांत हाच आकडा घेतला आहे.

यंत्रयुगाच्या पूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीवरील उष्णता अडवून धरतो आणि एकदा हवेत गेला की त्याचा बराचसा अंश शतकानुशतके तेथेच राहतो. हवा तापली की समुद्र तापतो, तापलेले पाणी फुगते, हिमनद्या आणि जमिनीवरील बर्फाचे थर वितळून त्यात भर पडते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वर आली, आणि अलीकडे तिचा वेग वाढला आहे.

वीतभर पाणी, ही गोष्ट इतरत्र क्षुल्लक वाटेल. खाजन शेती करणाऱ्या गोमंतकीयाला ती तशी वाटणार नाही. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी मातीचे बांध घालून आणि मानशींच्या दारांनी भरतीचे पाणी अडवून पूर्वजांनी ही जमीन खाऱ्या पाण्यापासून मिळवली. तीत कोरगुटासारखे खारवट जमीन सोसणारे भात पिकते. बांधाची उंची ठरवताना त्यांनी आपल्या काळची मोठ्यात मोठी भरती पाहिली होती. समुद्राची पातळीच बदलली तर तो अंदाज चुकतो. बांधावरून एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात झाडे आणि विजेचे खांब मोडून पडले, अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत म्हादईच्या पुराने सत्तरीतील घरे पाण्याखाली गेली. एखादे वादळ किंवा एखादा पूर केवळ हवामानबदलामुळेच आला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र तापलेल्या समुद्रावर वादळे अधिक बळ धरतात आणि तापलेली हवा अधिक पाणी वाहून आणते, याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोव्याने आपले सगळे दिवे मालवले तरी समुद्र बोटभरसुद्धा खाली जाणार नाही, मग एका घराने पंखा बदलून काय साधणार? गोव्यापुरते हे म्हणणे खरे आहे. परंतु खाजनाचा बांध तरी कोणत्या एका घराने राखला? गावकरीने आणि पुढे कूळ संघटनांनी तो सामाईक जबाबदारी म्हणून सांभाळला, आणि जेथे एका ठिकाणचे भगदाड बुजवण्याची टाळाटाळ झाली तेथे सर्वांचीच शेते खारी झाली. हवेचा व्यवहार याच जातीचा आहे. शिवाय घरातील बचतीचा पैसा त्याच महिन्याच्या बिलात दिसतो, त्यासाठी जगाची वाट पाहावी लागत नाही.

दिवसाची वीज, रात्रीची वीज

देशातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ च्या मध्यापर्यंत कोळसा, वायू आणि तेल यांशिवायच्या साधनांची झाली. ही मोठी मजल आहे. तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत भेद करावा लागतो. सूर्य दिवसाच तापतो, पावसाळ्यात तोही झाकोळतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अद्याप सर्वांत मोठा आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी फारशी सांगितली जात नाही. सूर्यास्तानंतरच्या चार-पाच तासांत देशभर दिवे, पंखे आणि वातानुकूल यंत्रे एकदम सुरू होतात आणि त्याच वेळी सौरवीज शून्यावर आलेली असते. ही सायंकाळची मागणी मुख्यत्वे कोळशाला भागवावी लागते. म्हणून धुलाईयंत्र, इस्त्री, पाण्याच्या टाकीचा पंप अशी जी कामे दुपारीही होऊ शकतात ती रात्री आठ वाजता करू नयेत. युनिटे तेवढीच लागली तरी कोळसा कमी जळतो.

पंख्याची गोष्ट

वीज वाचवा म्हटले की लोक दिव्याकडे पाहतात. वास्तविक दिव्यांचे काम बहुतांशी झाले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेपासून एलईडी दिवे खेडोपाडी पोहोचले, आणि ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा दिवा करू लागला. आज सर्वसाधारण घरात लक्ष द्यावयाचे ते छताच्या पंख्याकडे. दमट हवेच्या या किनारपट्टीवर पंखा वर्षातील दहा महिने फिरतो, आणि तो निमूटपणे फिरत असल्यामुळे त्याचा खर्च कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो. ब्रशविरहित मोटरचा पंखा, ज्याला बाजारात बीएलडीसी पंखा म्हणतात, तेवढाच वारा सुमारे २८ वॅटमध्ये देतो. दिवसाचे १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर जुना पंखा २७० युनिटे घेतो आणि नवा १०१. एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १७० युनिटे, म्हणजे जवळपास १२० किलो कर्बवायू वाचतो. नवा पंखा महाग पडतो हे नाकारता येत नाही. म्हणून घरातील सर्व पंखे एकदम बदलण्याचा सल्ला देणे व्यवहाराला धरून नाही. जो सर्वांत अधिक तास चालतो, बहुधा निजण्याच्या खोलीतील, तो प्रथम बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा जुनाच असला तरी बिघडत नाही. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन छापणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात निवड करणे सोपे झाले आहे. ज्यांना पंखा बदलणे शक्य नाही त्यांनी निदान जुन्या पद्धतीचा, पेटीसारखा मोठा रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा. जुन्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी केला तरी वाचलेली वीज त्याच पेटीत उष्णता होऊन वाया जाते.

याच्या उलट काही उपदेश फार लोकप्रिय आहेत पण त्यांतून हाती थोडेच लागते. भिंतीत नुसता खोचून ठेवलेला मोबाइलचा चार्जर वर्षभरात जेमतेम दोन-तीन युनिटे घेतो. त्यावरून मुलांना रागावणाऱ्या पालकांनी दूरदर्शन संचाखालच्या सेट-टॉप बॉक्सकडे पाहावे. रिमोटने बंद केल्यावरही तो कित्येकदा ८ वॅट घेत राहतो आणि वर्षाला ५० युनिटांच्या घरात जातो. चतुर्थीची आणि नाताळची रोषणाई हाही असाच विषय आहे. थोड्या दिवसांच्या एलईडी माळांनी फारसे नुकसान होत नाही. खरे नुकसान होते ते नवा फ्रिज आणल्यावर जुना टाकवत नाही म्हणून मागच्या खोलीत चालू ठेवल्याने. तो बारा महिने चोवीस तास चालतो आणि त्यात बहुधा दोन बाटल्या पाणी आणि आंब्याचे लोणचे असते. नवा फ्रिज घेताना नुसते तारे मोजू नयेत, चिकटपट्टीवर छापलेला वार्षिक खपाचा आकडा वाचावा. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होत असल्याने दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नाहीत.

न्हाणीघर, चूल आणि कुळागर

जुन्या घरांतून अद्याप न्हाणीत तांब्याची भाण असते आणि तिच्याखाली गळलेल्या झावळ्या, नारळाच्या करवंट्या आणि पालापाचोळा जळतो. यातून निघणारा कर्बवायू हिशेबात का धरत नाहीत, असे वृद्ध मंडळी विचारतात. माडाने जो कर्ब काल हवेतून घेतला तोच झावळी जळताना हवेत परत जातो आणि नवी झावळी तो पुन्हा घेते. कोळशातील कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीखाली निजलेला असतो, तो नव्याने वर येतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. अर्थात धुराने डोळे आणि फुप्फुसे बिघडतात, आणि तो धूर घरातील स्त्रीच अधिक गिळते, हे विसरून भाणीचे कौतुक करू नये. विजेच्या गिझरला १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवण्यास सुमारे अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या घरात ही वीज महिन्याला ७५ युनिटांवर जाते. ज्या घराच्या छपरावर ऊन पडते तेथे सौर जलतापक हे काम वर्षातील बहुतेक दिवस फुकट करतो.

स्वयंपाकघरात थोडक्यात सांगण्याजोगे एकच आहे. पाणी उकळू लागल्यावर आच कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, नुसती वाफ अधिक जाते. उकडा तांदूळ शिजण्यास वेळ घेतो. तो रात्री भिजत घालून, उकळी आल्यावर आच मंद करून, झाकण ठेवून शिजवला तर पेजेच्या चवीत फरक पडत नाही आणि सिलिंडर काही दिवस अधिक पुरतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कर्बवायू निघतो. पेट्रोलचे प्रमाण एका लिटरमागे सुमारे २.३ किलो आहे. बाजारापर्यंत एकेकटी दुचाकी काढण्याऐवजी कदंबच्या बसने जावे, हे सांगणे सोपे आहे. जेथे बस वेळेवर येते तेथेच ते पटेल, हेही तितकेच खरे.

कुळागरातील पंपाकडे मात्र अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. सुपारी, माड, केळी आणि मिरी यांच्या या बागा पूर्वी झरीच्या पाण्यावर, पाटाने, उताराच्या बळावर भिजत. त्याला ना वीज लागे ना तेल. आता बऱ्याच ठिकाणी पंप बसले आहेत आणि ते बसवताना केलेल्या लहान चुका वर्षानुवर्षे वीज खातात. पहिली चूक नळाच्या व्यासाची. दोन इंची नळाऐवजी अडीच इंची नळ घातला तर तेवढेच पाणी नेताना घर्षणाने होणारी हानी सुमारे एक तृतीयांशावर येते. नळ बसवताना वाचवलेले पैसे पुढे बिलात अनेक पटींनी द्यावे लागतात. दुसरी चूक टाकीवर नळाचे तोंड हत्तीच्या सोंडेसारखे उंच नेण्याची. एकूण चढ १० मीटर असताना तोंड विनाकारण १ मीटर वर ठेवले तर पंपाचे काम दहाव्या हिश्श्याने वाढते. उंचावरून पडणारे पाणी पाहण्यास छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग. तिसरी गोष्ट फूटव्हॉल्वची. लहान भोकांचा किंवा गाळाने बुजलेला फूटव्हॉल्व पंपाचा गळा आवळतो. पावसाळा संपून पाणी देणे सुरू होण्यापूर्वी तो वर काढून साफ करावा. ठिबक सिंचनाने पाणीच कमी लागत असल्याने पंपाचे तास आपोआप घटतात. जेथे झरी अद्याप वाहते आणि केवळ पाट बुजल्यामुळे पंप बसला, तेथे पाट मोकळा करण्यासारखी दुसरी ऊर्जाबचत नाही.

कार्यालये आणि शाळा

१४ डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. भित्तिचित्रांच्या स्पर्धा होतात, भाषणे होतात. ज्या सभागृहात ती होतात तेथे भर दुपारी पडदे ओढून दिवे लावलेले असतात, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. ग्रामस्थांना उपदेश करण्यापूर्वी शासकीय कार्यालयांनी आपले घर आवरणे उचित होईल. वातानुकूल यंत्राचे तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात. ती तेथून १८ वर नेणारा हात मनुष्याचा असतो. साहेब दौऱ्यावर असताना त्यांच्या खोलीतील यंत्र बंद ठेवण्यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिक्षकांना या विषयात विशेष वाव आहे, कारण त्यासाठी लागणारे उपकरण प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी आहे. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. अशा मीटरवर ७५ वॅटचा एकटा पंखा चालू असेल तर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकतो. २८ वॅटच्या पंख्यावर तो दोन मिनिटांत ३ वेळाच लुकलुकतो. २००० वॅटचा गिझर लावला की मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, म्हणजे मोजता मोजता दमछाक होते. घरातील सर्व बटणे बंद केल्यावरही दिवा सावकाश लुकलुकत राहिला तर काहीतरी वीज घेत आहे असे समजावे, आणि ते काय आहे हे शोधून काढण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.

सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रयोग महिनाभर देता येईल. रोज सायंकाळी ठराविक वेळी मीटरचा आकडा वहीत उतरवावा. पहिले दोन आठवडे नुसती नोंद करावी, नंतरचे दोन आठवडे घरातल्यांनी ठरवून एखादा बदल करावा. ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे तेथे बचतीचा आग्रह धरू नये, नोंद पुरेशी आहे. ज्या मुलाच्या घरी एक दिवा आणि एक पंखाच आहे त्याचा आकडा वर्गात सर्वांत लहान येईल. त्याच्या घरी वीज कमी वापरली जाते ती नाइलाजाने, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवून स्पर्धा मात्र लावू नये. मुलांनी मीटरच्या पेटीला किंवा तारांना हात लावू नये, भिंत ओली असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे. महिनाअखेर सर्व घरांच्या दोन पंधरवड्यांतील फरकाची बेरीज फळ्यावर मांडावी आणि तिला ०.७ ने गुणावे. येणारा आकडा किलोमध्ये असतो.